बटव्याचा एकगठ्ठा निकाल

२०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकिगत एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून हे रुग्ण गूळवेल घेत होते आणि त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने हा संबंध नाकारला. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली. तेव्हापासून सुरू झालेला वाद मी लग्नाच्या पंगतीत ऐकला, एसटीत ऐकला, दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट पाहताना ऐकला. एक बाजू म्हणते, हजारो वर्षांचे ज्ञान आहे, आमच्या आज्या-पणज्या काय मूर्ख होत्या? दुसरी म्हणते, आजीबाईचा बटवा म्हणजे अडाणीपणाचे गाठोडे, फेका ते उकिरड्यावर. गाठोडे सोडून आत काय आहे ते पाहायला मात्र कुणी तयार नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझे म्हणणे एवढेच की बटव्याचा एकगठ्ठा निकाल लावता येत नाही. त्यात पन्नास चिजा आहेत आणि त्या पन्नास वेगवेगळ्या वाटांनी तिथे आल्या आहेत. काही अनुभवाने आल्या, काही गैरसमजाने, काही केवळ दुसरा इलाज नव्हता म्हणून. एकेक चीज काढून, ती कशासाठी, किती, किती दिवस आणि कुणाला, हे विचारल्याशिवाय तिच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. जयजयकार करणारा आणि धिक्कार करणारा, दोघेही हे काम टाळतात. आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

माझी आजी तासगावची. तिच्या कपाटात पितळेची एक डबी होती आणि डबीशेजारी सहाण. बाळगुटीचे सगळे सामान त्या डबीत: हळकुंड, वेखंड, जायफळ, मायफळ, हिरडा, सुंठ, मुरुडशेंग, अतिविष, काकडशिंगी, जेष्ठमध, खारीक, बदाम. प्रत्येक चीज सहाणेवर दुधात उगाळायची आणि मोजायची ती वळशांनी. बाळ महिन्याचे असेल तर एक वळसा, दोन महिन्यांचे असेल तर दोन. जायफळाचा हात फार हलका, कारण ‘पोर गुंगून पडेल’. शेजारची एखादी बाई रडते मूल घेऊन आली की आजीचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असत: काय दिलेस ते किती दिलेस, आणि कधीपासून देतेस?

ती डबी आज डोळ्यांसमोर आणली की मला वेगळेच नवल वाटते. ‘हे सगळे आपल्या मातीतले’ असे आपण म्हणतो, पण जायफळ मूळचे बांदा बेटांवरचे, आजच्या इंडोनेशियातले. खारीक अरबस्तानच्या वाटेने आली. जेष्ठमध पश्चिम आणि मध्य आशियातला. मायफळ तर फळच नव्हे. पश्चिम आशियातल्या ओक झाडांवर एक बारीकशी गांधीलमाशी अंडी घालते, तिथे झाड जी गाठ धरते ती ही. काकडशिंगीही तशीच, हिमालयातल्या झाडावर किडीमुळे धरलेली गाठ. पोटावर लावायचा हिंग अफगाणिस्तान-इराणातून यायचा. खाण्याच्या हिंगाची लागवड भारतात सुरू झाली ती २०२० साली, लाहौलमध्ये. तासगावची पेठ सोडून फारशी कुठे न गेलेली बाई अर्धे जग सहाणेवर उगाळत होती. आणि नव्याचे तिला वावडेही नव्हते. मुंबईत १८९३ साली निघालेले अमृतांजन तिच्या उशाशी असे. १८५१ साली इंग्लंडात निघालेले ग्राइप वॉटर तिने पाच मुलांना पाजले. टपाल कचेरीतून क्विनीनच्या पुड्या मिळत तो काळ तिच्या सासूने पाहिला होता. घरात कडू औषधाला बरीच वर्षे ‘कोयनेल’च म्हणत. बटवा ही कधीच बंद पोथी नव्हती. पटले ते आत घ्यायचे, नाही पटले ते काढायचे, असा तो वाढत गेला. मग आज त्यातले काही काढा म्हटले की परंपरेवर घाला कसा होतो?

आता धिक्कार करणाऱ्यांचे सर्वांत बळकट म्हणणे आधी मान्य करतो, कारण ते खरे आहे आणि भीषण आहे. या बटव्याने मुले मारली आहेत. नाळ कापली की तिच्यावर शेण किंवा राख लावायची, हा उपाय गावोगाव होता. त्यातून धनुर्वात होई आणि आठवड्याभरात बाळ जाई. माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले ते थेट २०१५ साली. बाळंतपणानंतरचे पहिले चिकाचे दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकत, आणि बाळाला चाटवत मध, जो वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये असे आज कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल. गिरणीत जाणाऱ्या आयांची मुले दिवसभर निजून राहावीत म्हणून मुंबईत बाळागोळी सर्रास दिली जाई. बाळागोळी म्हणजे अफू. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्याला तापलेल्या विळ्याने डागण्याची, ‘डंबा’ देण्याची चाल आजही पुरती मोडलेली नाही. हे सगळे बटव्यातलेच आहे. त्यातले गोड तेवढे आजीच्या नावावर आणि कडू तेवढे ‘अज्ञान’ नावाच्या कुणा तिसऱ्याच्या नावावर, ही वाटणी अप्रामाणिक आहे.

‘पण जुनी माणसे कशी ठणठणीत होती, नव्वदीतही विहिरीचे पाणी शेंदायची!’ होय, आपण पाहिली ती होती. जी पाहिली नाहीत त्यांचे काय? विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्याही आत होते. माझ्या आजीची स्वतःची दोन मुले पाचवीच्या पूजेनंतर महिन्याभरात गेली. त्यांचे फोटो नाहीत, नावेही नाहीत. नव्वदीची पणजी अंगणात बसून आठवणी सांगते, आणि पाळण्यात गेलेली तिची भावंडे काहीच सांगत नाहीत. एवढ्या एकतर्फी साक्षीवर कोणता न्यायाधीश निकाल देईल?

मात्र धिक्काराची बाजू इथे एक गोष्ट विसरते. त्या काळी चूक करण्याचा मक्ता आजीकडे नव्हता. अमेरिकेत मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप नावाचे बाळांचे औषध एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घरोघर खपत होते आणि त्यात मॉर्फिन होते. सर्पदंशाच्या जागी चिरा पाडून पोटॅशियम परमँगनेटचे खडे चोळावेत, असा सल्ला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातले नामवंत इंग्रज डॉक्टर देत. त्याने विष उतरत नव्हते, जखम मात्र चिघळे. फरक असा की ही औषधे पुढे तपासली गेली आणि टाकली गेली. आपला झगडा हवा तो त्या तपासण्याच्या सवयीसाठी. कुणाच्या आजीला अडाणी ठरवून ती सवय लागत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे बळकट म्हणणे: लोकांना पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी कळते. हेही मला मान्य आहे, आणि याला प्लेगाइतके मोठे उदाहरण नाही. १८९६ मध्ये मुंबईत आणि लगोलग पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारी पथके घरे उपसत होती, जमिनी खणत होती, भिंती धूत होती. खेड्यापाड्यांतली माणसे काय करत होती? उंदीर पडू लागले की घराला कुलूप घालून गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहत होती. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने उंदरावरची पिसू हा रोग पसरवते हे दाखवले, तरी बरीच वर्षे तज्ज्ञांना ते पटत नव्हते. १९०५ नंतर परळमध्ये झालेल्या प्रयोगांनी ते पक्के झाले. म्हणजे ‘उंदीर पडले, उठा’ म्हणणारी बाई जमीन खणणाऱ्या साहेबापेक्षा खऱ्याच्या जवळ होती.

पण याच लोकांनी प्लेगासाठी गंडेही बांधले, मरीआईचे गाडेही फिरवले, लस टोचायला आलेल्यांना हाकलूनही लावले. माळावर जाणे आणि गंडा बांधणे, दोन्ही एकाच बटव्यातून निघाले. पहिले बरोबर होते म्हणून दुसरे बरोबर ठरत नाही. सर्पगंधेची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ही मुळी आपल्याकडे झोप न येणाऱ्याला, वेड लागलेल्याला आणि साप चावलेल्याला देत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, मोजून, नोंदून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. जगाने त्या मुळीकडे वळून पाहिले आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य वेगळे काढले गेले. परंपरेचा विजय? होय, पण पुरते ऐका. त्याच परंपरेने तीच मुळी सापाच्या विषावर दिली होती आणि तिथे तिचा काडीचा उपयोग नव्हता. तिच्या सांगितलेल्या गुणांपैकी खरे कोणते हे परंपरेला स्वतःहून कधीच सांगता आले नाही. त्यासाठी मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या वॉर्डात रोज रक्तदाब मोजत बसणारा माणूस लागला.

हळदीच्या बाबतीत तर आपण स्वतःची सरळ फसवणूक करून घेतली आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला मिळाले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो. तो खोटा नव्हता. त्यातूनच पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले, आणि ते फार मोलाचे काम आहे. पण पेटंट रद्द झाले ते कशामुळे? हा वापर नवा नाही हे सिद्ध झाले म्हणून. हळदीने जखम भरते की नाही, हा प्रश्न त्या प्रकरणात निकालात निघालाच नाही. तरीही गेली पंचवीस वर्षे व्यासपीठांवरून सांगितले जाते की अमेरिकेनेसुद्धा हळदीचे गुण मान्य केले. २०१७ मध्ये हळदीतल्या कर्क्युमिनवरच्या शंभराहून अधिक मानवी चाचण्यांचा आढावा निघाला, तेव्हा काटेकोर चाचणीत त्याने निर्विवाद यश मिळवल्याचे दिसले नाही. जुने असणे आणि गुणकारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हळद आपली आहे हे आपण पेटंट कार्यालयात जिंकलो. ती औषध म्हणून कितपत उपयोगी आहे हे अजून प्रयोगशाळेत जिंकायचे आहे.

म्हणून मी एकेक चीज काढा म्हणतो. साधी दाढदुखी घ्या. आजी दाढेत लवंग धरायला सांगे, आणि तिची जाऊ मिशरी लावायला. दोन्ही घरगुती, दोन्ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या, दोन्हींनी ठणका थांबायचा. लवंगेतले युजेनॉल दंतवैद्य आजही दातात भरायच्या मसाल्यात वापरतात. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. दाढेसाठी चार दिवस म्हणून सुरू केलेली मिशरी त्या बाईला मरेपर्यंत सुटली नाही, आणि ती मेली तोंडाच्या कॅन्सरने. महाराष्ट्राच्या किती घरांत हीच कथा आहे! किंवा जुलाब घ्या. मीठ घालून भाताची पेज पाजणे, हा आजीचा उपाय. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणले, आणि पुढे तांदळाच्या पिठाचे तसे द्रावणही कॉलऱ्यात उत्तम ठरले. पण आजीच्याच गल्लीत ‘पोराला जुलाब होतायत, पाणी तोडा’ म्हणणाऱ्या बायाही होत्या, आणि पाणी तोडून मुले सुकून जात. पेज आणि पाणी तोडणे यांना ‘पारंपरिक ज्ञान’ या एकाच नावाने कसे हाक मारणार? मुरुडशेंगेचे पहा. ती शेंग पीळदार असते, म्हणून पोटातल्या मुरड्यावर. आकारावरून गुण ठरवण्याची ही रीत युरोपातही होती. अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो, म्हणून तो डोक्याला चांगला. कदाचित मुरुडशेंगेत काही गुण निघेलही, पण तो तिच्या पिळात नसेल. वेखंडातल्या बीटा-असारोनमुळे उंदरांना गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ मध्ये ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. आपण मात्र बोबडे बोल लवकर फुटावेत म्हणून ते तान्ह्याच्या जिभेवर ठेवतो.

विंचवाचे विष उतरवणाऱ्यांवर लोकांचा विश्वास का बसतो, तेही समजून घ्यायला हवे. काळ्या विंचवाच्या दंशाने माणूस सहसा मरत नाही, बिनविषारी सापाने तर नाहीच. मांत्रिकाने मंत्र म्हटला, माणूस उठून बसला. तो तसाही उठून बसणार होता. पण कोकणातला लाल विंचू चावला की मंत्र तोकडा पडे आणि दवाखानाही तोकडा पडे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. रात्र-रात्र रुग्णाच्या खाटेजवळ बसून त्यांनी नाडी, घाम, हृदय, फुप्फुस यांची बारीक नोंद ठेवली आणि पुढे त्याच भागात प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरून पाहिले. चाळीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. हे शोधकार्य कुठल्या परदेशी प्रयोगशाळेत झालेले नाही. आपल्या घाटाखालच्या एका गावात, आपल्याच माणसांच्या खाटेशेजारी झाले आहे. ‘आपले’ म्हणून अभिमान बाळगायचा तर याचा का नाही बाळगायचा?

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात या बाबतीत मोठे शहाणपण आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. घरात कुणी देवासमोर हात जोडले तर कायदा आड येत नाही. दवाखान्याची वाट अडवली तर येतो. जिथे इजा होते तिथेच बोट ठेवणारी ही रीत बटव्यालाही लावता येईल.

आणि आज जे बटव्याच्या नावाने विकले जाते ते बटव्यातले आहे तरी का? आजीच्या घरी गूळवेल होती, कुंपणावर चढलेली. ताप आला की वीतभर कांडे ठेचून काढा व्हायचा, तीन दिवस. चौथ्या दिवशी काढा बंद, कारण एक तर ताप गेलेला असे, नाही तर दुसरे काही करायची वेळ आलेली असे. आता तीच गूळवेल अर्काच्या गोळीत, रसाच्या बाटलीत येते. निरोगी माणूस ती दोन वेळा, महिनोन्‌महिने घेतो. प्रमाण वाढले, मुदत गेली, आणि समोर बसून ‘किती दिलेस’ विचारणारी बाई तर केव्हाच गेली. बटवा जेवढा सुरक्षित होता तेवढा तो या तीन गोष्टींमुळे होता. त्या काढून टाकायच्या आणि वर तिचे चित्र छापायचे, हा तिच्या नावाचा गैरवापर आहे. ग्रंथात नाव आहे एवढ्यावर अशा औषधांना परिणामकारकतेच्या नव्या चाचणीतून सूट मिळते, ती बंद झाली पाहिजे. परंपरेच्या खऱ्या चाहत्यांनी ही मागणी सगळ्यांच्या आधी करायला हवी.

आमच्या भागात जुन्या माणसांच्या तोंडी एक वाक्य असे: ‘आता मिरजेला न्यावे लागेल.’ डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ साली मिशनचे रुग्णालय उघडले आणि सांगली, सातारा, कोल्हापूरच नव्हे, पार कर्नाटकातून माणसे गाड्या जुंपून तिथे येऊ लागली. परका धर्म, परकी भाषा, हातात चाकू, तरी आली. माझ्या पणजोबांचा मोतीबिंदू तिथेच काढला, आणि घरी परतल्यावर डोळ्यावर पट्टी असतानाच खोकल्यासाठी जेष्ठमधही चघळायला मिळाला. त्या घराला यात कसलीही विसंगती वाटली नाही. सहाण कुठे संपते आणि मिरज कुठे सुरू होते, याचा अंदाज त्यांना होता. तो कधी कधी चुकला, आणि चुकला तेव्हा माणसे गेली. पण अशी सीमा असते हे त्यांना मान्य होते. आजच्या वादात ती सीमाच कुणाला नको आहे.

धिक्काराने काय होते ते मी घरातच पाहिले. माझ्या मावशीला दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली. आधी एका दवाखान्यात तिने काढ्याचा नुसता उल्लेख केला तर डॉक्टर तिच्यावर सगळ्यांदेखत ओरडले होते, ‘असले धंदे करता आणि मग आमच्याकडे येता.’ त्यामुळे या वेळी ती गप्प राहिली. रक्ताच्या तपासण्या झाल्या, पोटाची सोनोग्राफी झाली, कारण सापडेना, आणि घरी आली की ती उशाजवळच्या बाटलीतून रस घेतच होती. आठवड्याने सुनेने ती बाटली पिशवीत घातली आणि दुसऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. मावशीने मान खाली घातली होती. बाईंनी बाटली फिरवून चिठ्ठी वाचली, आवाज जराही चढवला नाही, खुर्ची पुढे ओढली आणि विचारले, ‘किती घेत होता, मावशी? आणि कधीपासून?’

‘रोज अर्धी वाटी,’ मावशी म्हणाली, ‘मागच्या गणपतीपासून.’